पाटी आपली, पत्ता आपला. पण नाव कोणाचे?

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकच्या सीमेला टेकलेले बाजाराचे गाव. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ते आहे. तूर, उडीद, मूग यांचा सौदा येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि बाजारात मराठी, कन्नड व उर्दू अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. गेल्या हंगामात या गावातील एक तरुण व्यापारी आमच्याकडे आला. त्याच्या हातात एका मोठ्या शहरातील वकिलाची नोटीस होती आणि चेहऱ्यावरचा रंग उडालेला होता.

हकिकत थोडक्यात अशी. या मुलाच्या आजोबांनी गावात आडत दुकान काढले. दुकानाला त्यांचेच नाव पडले. वडिलांनी तेच नाव पुढे चालवले. मुलगा शिकला, त्याने तूरडाळ एक-एक किलोच्या पिशव्यांत भरून विकायला सुरुवात केली, पिशवीवर आजोबांचे नाव छापले आणि त्याच नावाने इंटरनेटवर डॉट कॉम असलेला पत्ता घेतला. सहा महिन्यांत बाहेरगावच्या ऑर्डरी येऊ लागल्या. आणि एके दिवशी नोटीस आली. त्याच नावाने मसाले व डाळी विकणाऱ्या एका कंपनीचे म्हणणे असे की, हे नाव आमचे नोंदलेले व्यापारचिन्ह आहे. पंधरा दिवसांत पिशव्या बंद करा, डोमेन आमच्या हवाली करा, नाहीतर दावा लावू.

मुलगा म्हणाला, "चाचा, नाव तर आमच्या आजोबांचे आहे. डोमेन पैसे भरून घेतले आहे, पावती आहे. मग हे लोक मागतात कसे?"

हा प्रश्न आज एकट्या दुधनीचा राहिलेला नाही. चादरी विणणारे, अत्तर विकणारे, चपला शिवणारे, बेकरी चालवणारे आपले अनेक बांधव आता इंटरनेटवर दुकान मांडत आहेत. म्हणून या नोटिशीच्या निमित्ताने सर्व विषय आपण नीट समजून घेऊ.

दोन दफ्तरे, दोन वेगळे हक्क

सर्वांत मोठा गैरसमज हा की, डोमेन मिळाले म्हणजे नावावर हक्क मिळाला. तसे नाही. डोमेन म्हणजे इंटरनेटवरील पत्ता. तो देणारी कंपनी एवढेच पाहते की तो पत्ता आधी कोणी घेतला आहे काय. घेतला नसेल, तर जो प्रथम पैसे भरेल त्याला तो मिळतो. ते नाव दुसऱ्या कोणाचे व्यापारचिन्ह आहे की नाही, याची तपासणी ती करीत नाही.

व्यापारचिन्ह, ज्याला आपण ट्रेडमार्क म्हणतो, त्याचे दफ्तर वेगळे आहे. ते केंद्र सरकारकडे असते आणि महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या कार्यालयात जातात. मालाचे आणि सेवांचे मिळून 45 वर्ग केलेले आहेत. चादरी-टॉवेल 24 व्या वर्गात, कपडे व पादत्राणे 25 व्या वर्गात, अत्तर व साबण 3 ऱ्या वर्गात, पीठ व मसाले 30 व्या वर्गात येतात. एकच नाव एका वर्गात एकाचे आणि दुसऱ्या वर्गात दुसऱ्याचे असू शकते. डोमेनचे तसे नाही. एक पत्ता साऱ्या जगात एकालाच मिळतो. भांडणाचे मूळ येथेच आहे.

आपल्या गावच्या भाषेत सांगायचे तर डोमेनची पावती हा घराचा पत्ता आहे, सातबारा नव्हे. पत्त्यावर टपाल येते, पण जमिनीचा वाद निघाला तर पत्ता दाखवून चालत नाही.

न्यायालयांनी काय ठरवले आहे

आपल्या देशात केवळ डोमेनसाठी स्वतंत्र कायदा नाही. वाद ट्रेडमार्क कायदा, 1999 आणि 'आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणे' या जुन्या तत्त्वावर सुटतात. तीन निकाल प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावेत.

पहिला 1999 चा, दिल्ली उच्च न्यायालयाचा. 'याहू' ही अमेरिकेची नामांकित कंपनी. येथील एकाने 'याहूइंडिया डॉट कॉम' हा पत्ता घेऊन तसाच व्यवसाय मांडला. त्याचा बचाव असा होता की, याहू हा शब्दकोशातला शब्द आहे, इंटरनेट वापरणारे लोक जाणते असतात आणि आपला त्या कंपनीशी संबंध नाही अशी सूचनाही आपण दिली आहे. न्यायालयाने यातले काहीच मान्य केले नाही आणि मनाईहुकूम दिला. नावापुढे 'इंडिया' जोडल्याने नाव आपले होत नाही, हा त्याचा धडा. 'सोलापूर' किंवा 'दुधनी' जोडूनही आपोआप होत नाही.

दुसरा त्याच वर्षीचा, आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा. 'रेडिफ डॉट कॉम' चालू असताना दुसऱ्याने एकच इंग्रजी अक्षर बदलून, 'ई'च्या जागी 'ए' घालून पत्ता घेतला. खुलासा असा केला की, हा शब्द आम्ही चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनवला आहे. न्यायालयाला तो पटला नाही. डोमेन हा नुसता पत्ता नसून व्यापाऱ्याची ओळख आहे आणि तिला संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले.

तिसरा सर्वोच्च न्यायालयाचा, मे 2004 मधला. सत्यम इन्फोवे कंपनीने आपल्या नावातून 'सिफी' हा शब्द घडवला आणि 1999 पासून त्या नावाचे पत्ते घेतले. 2001 मध्ये दुसऱ्या एका कंपनीने एक 'एफ' अधिक घालून तसेच नाव घेतले. आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ते जुळले, असे तिचे म्हणणे होते. शिवाय आमचा धंदा वेगळा आहे, असेही. बंगळूरच्या न्यायालयाने मनाई दिली, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उठवली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केली. ट्रेडमार्कचे तत्त्व डोमेनलाही लागू पडते, हे या निकालाने पक्के झाले.

या दोन खुलाशांचे साम्य वाचकांनी पाहावे. नाव आधी घ्यायचे आणि त्याचा अर्थ नंतर शोधायचा, हा मार्ग न्यायालयात टिकत नाही. नाव निवडताना मनात काय होते, तेच शेवटी तपासले जाते.

लहान माणूस नेहमी हरतो काय?

नाही. कायदा मोठ्याचा पक्ष घेत नाही. तो आधी कोण आणि इमानदारीने कोण, हे पाहतो.

तमिळनाडूतील तिरुनेलवेलीचा 'इरुट्टुकडै हलवा' प्रसिद्ध आहे. त्या नावाने फार वर्षांपासून दुकान चालवणारे एक कुटुंब आणि तसेच नाव नोंदवून घेतलेला दुसरा व्यापारी यांचा वाद 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. नोंदणी हाती असली, तरी आधीपासून नाव चालवणाऱ्याचा हक्क वरचढ आहे, असे ठरले. 2017 मध्ये जपानची टोयोटा कंपनी 'प्रियस' या नावावरून येथील सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीविरुद्ध हरली. येथील कंपनीने 2001 पासून ते नाव वापरले होते आणि त्या वेळी टोयोटाच्या गाडीचे नाव भारतात प्रसिद्ध होते, हे सिद्ध झाले नाही.

ट्रेडमार्क कायद्याचे कलम 34 हेच सांगते. समोरच्याने नाव वापरायला सुरुवात केली ती तारीख आणि त्याच्या नोंदणीची तारीख, यांपैकी जी आधीची असेल, तिच्याही आधीपासून तुम्ही ते नाव सतत वापरत असाल, तर तो तुम्हाला अडवू शकत नाही. कलम 35 प्रमाणे स्वतःचे किंवा धंद्यातील पूर्वजाचे नाव प्रामाणिकपणे वापरता येते. पण 'प्रामाणिकपणे' हा शब्द विसरू नये. महिंद्र अँड महिंद्र या मुंबईच्या कंपनीशी मिळते नाव घेतलेल्या गुजरातच्या एका कागद कंपनीला 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही.

परदेशातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत उझी निस्सान या गृहस्थाचे संगणकाचे दुकान होते. आडनाव निस्सान, म्हणून 1994 मध्ये त्याने त्याच नावाचा डॉट कॉम पत्ता घेतला. 1999 मध्ये निस्सान मोटार कंपनीने दावा लावला. सुमारे आठ वर्षे खटले चालले. डोमेन अखेर त्याच्याकडेच राहिले. परंतु त्याने आपल्या पानावर मोटारींच्या जाहिराती घेतल्या होत्या, ती गोष्ट न्यायालयाने त्याच्याविरुद्ध धरली. शिवाय खटल्यांपायी त्याचा पैसा आणि उमेदीची वर्षे गेली. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. खऱ्या नावाचे रक्षण होते, पण दुसऱ्याच्या धंद्याच्या कुंपणात पाय टाकला की तेच नाव अंगावर येते. आणि जिंकण्याचीही किंमत द्यावी लागते.

नोटीस आली तर काय करावे

पहिले, नोटीस खरी आहे की खोटी ते पाहावे. 'परदेशात कोणीतरी तुमच्या नावाचे डोमेन घेत आहे, ताबडतोब पैसे भरा' अशी फसवी पत्रे पुष्कळ येतात. खऱ्या नोटिशीत बहुधा नोंदणी क्रमांक व वर्ग दिलेला असतो. सरकारी दफ्तर इंटरनेटवर मोफत पाहता येते. नाव कोणाचे, कोणत्या मालासाठी, कोणत्या तारखेपासून आणि नोंदणी आज चालू आहे काय, हे स्वतः पाहून घ्यावे.

दुसरे, नोटीस फडताळात टाकू नये. गप्प बसल्याने वाद मिटत नाही. नोंदलेल्या चिन्हाचा मालक स्वतः जेथे व्यवसाय करतो तेथील न्यायालयातही दावा लावू शकतो. म्हणजे दुधनीच्या माणसाला मुंबई-दिल्लीचे हेलपाटे पडू शकतात. तुमचे म्हणणे ऐकण्याआधीच मनाईहुकूम निघू नये, यासाठी संभाव्य न्यायालयात कॅव्हेट दाखल करता येते. ते 90 दिवस चालते.

तिसरे, घाईने फोन करून काही कबूल करू नये आणि रागाने शिव्याही देऊ नयेत. लिहिलेले प्रत्येक अक्षर पुढे पुरावा होते.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, डोमेनची किंमत मागू नये. आमच्या या तरुणाला एका नातेवाइकाने सल्ला दिला होता, "पाच लाख माग, मोठी कंपनी आहे, देईल." असे एक पत्र गेले असते, तर त्याची बाजू तेथेच संपली असती. ट्रेडमार्कच्या मालकाला जादा पैशांत विकण्यासाठीच नाव अडवून ठेवणे हे बदनियतीचे पहिले लक्षण मानले जाते. दुसऱ्याच्या नावावर मिळवलेल्या पैशात बरकतही नसते.

पाचवे, आपले कागद गोळा करावेत. जुनी बिले, आडतीचा परवाना, बाजार समितीच्या पावत्या, दुकान नोंदणी, बँकेचे पासबुक, कराची कागदपत्रे, पाटीचे जुने फोटो, जाहिरातीची कात्रणे, तारीख असलेली लग्नपत्रिकासुद्धा. नाव कधीपासून आहे एवढेच नव्हे, तर ते कोणत्या मालासाठी वापरले, हे कागदावरून दिसले पाहिजे.

सहावे, हे कागद घेऊन ट्रेडमार्कची कामे करणाऱ्या वकिलाकडे जावे आणि मुदतीत लेखी उत्तर द्यावे. समोरच्याची धमकी निराधार असेल, तर कलम 142 खाली तुम्हालाही न्यायालयात दाद मागता येते.

सातवे, वाद चालू असताना डोमेन दुसऱ्याच्या नावे करू नये आणि पानावर समोरच्याचा माल, रंग किंवा चिन्ह यांच्याशी मिळतेजुळते काही टाकू नये.

न्यायालयाबाहेरची वाट

डॉट कॉम पत्त्यांच्या वादासाठी 1999 पासून एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेसारख्या संस्थांकडे तक्रार करता येते. एका पंचापुढे पाच नावांपर्यंतच्या तक्रारीची तेथील फी 1500 डॉलर असून ती तक्रार करणाऱ्याने भरायची असते. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: डोमेन त्याच्या चिन्हासारखे आहे, तुमचा त्या नावावर न्याय्य हक्क नाही, आणि तुम्ही ते बदनियतीने घेतले व वापरले. तिन्ही हव्यात. नोटीस येण्याआधीपासून तुमचा त्या नावाने खरा धंदा चालू असेल, किंवा लोक तुम्हाला त्याच नावाने ओळखत असतील, तर तुमची बाजू बळकट होते. उत्तरासाठी 20 दिवस मिळतात. पंच डोमेन रद्द करू शकतात किंवा तक्रारदाराला देऊ शकतात. नुकसानभरपाई लावू शकत नाहीत. डोमेन देण्याचा निकाल झाला, तरी 10 कामकाजाच्या दिवसांत न्यायालयात जाता येते.

डॉट इन पत्त्यांसाठी अशीच पद्धत 2005 पासून आहे. ती नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे 'निक्सी', ही संस्था चालवते आणि लवाद नेमते. येथे नाव बदनियतीने घेतले असणे किंवा तसे वापरले असणे, यांपैकी एकही पुरे होते.

नाव घेण्याआधी

पाटी रंगवण्याआधी, पिशव्या छापण्याआधी एक संध्याकाळ खर्च करावी. ट्रेडमार्कच्या दफ्तरात नाव शोधावे. लिहायला वेगळे पण उच्चारायला सारखे, असे शब्दही पाहावेत. आपल्या मालाच्या वर्गात तसे नाव सापडले, तर ते सोडून द्यावे. छापून झाल्यावर सोडण्यापेक्षा आधी सोडणे फार स्वस्त पडते.

नाव मोकळे असेल, तर डोमेनबरोबर ट्रेडमार्कचाही अर्ज करावा. 2017 च्या नियमांप्रमाणे व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे. अर्ज जर्नलमध्ये छापल्यावर चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणी 10 वर्षे चालते आणि पुढे नूतनीकरण करता येते. अर्ज केल्यापासून नावाजवळ 'टीएम' लिहिता येते. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच लावावा, आधी लावण्यास कायद्याने मनाई आहे.

डोमेन स्वतःच्या किंवा दुकानाच्या नावे घ्यावे. वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या नावे नको. तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला, मुदत संपली आणि पत्ता दुसऱ्याच्या हाती गेला, असे होऊ शकते. 2014 पासून देवनागरीत 'डॉट भारत' पत्तेही मिळतात. पण लिपी बदलली तरी उच्चार तोच राहिला, तर वाद टळत नाही.

आपल्या भागासाठी एक खास सूचना. 'सोलापुरी चादर' आणि 'सोलापुरी टेरी टॉवेल' ही भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंदलेली नावे आहेत. शेजारच्या 'गुलबर्गा तूरडाळी'लाही 2019 मध्ये तशी नोंद मिळाली. अशा नावांचा हक्क एका व्यापाऱ्याचा नसतो, ठरवून दिलेल्या प्रदेशातील उत्पादकांचा असतो. दुधनीच्या बाजारातली तूर कितीही चांगली असली, तरी ती त्या प्रदेशातली नसेल, तर पिशवीवर किंवा डोमेनमध्ये गुलबर्ग्याचे नाव घालणे योग्य नाही.

दुधनीच्या मुलाचे पुढे काय झाले

त्याने घरातील लोखंडी पेटी उघडली. आजोबांच्या काळच्या आडतीच्या पट्ट्या आणि पावत्या निघाल्या. कंपनीच्या नोंदणीपेक्षा त्या कितीतरी वर्षे आधीच्या होत्या. घरात सर्वांना वाटले, जिंकलो. सोलापूरच्या वकिलांनी मात्र शांतपणे समजावले: या कागदांवरून आजोबांचे नाव आडत दुकानासाठी चालत होते, हे सिद्ध होते. डाळीच्या पिशवीवर ते नाव आले ते गेल्या वर्षी. पाटी पक्की आहे, पिशवी कच्ची आहे.

लढता आले असते. आजोबांचे नाव म्हणून कलम 35 चा आधारही मांडता आला असता. पण तारखा बाहेरच्या शहरात पडल्या असत्या, आणि ऐन तुरीच्या हंगामात दुकान कोणी पाहायचे, हा प्रश्न होता. वडिलांनी एक रात्र विचार केला आणि तडजोड करायला सांगितले. लेखी ठरले ते असे: दुधनीतील दुकानाची पाटी आणि आडतीचा व्यवहार जुन्याच नावाने चालेल, कंपनी त्याला हरकत घेणार नाही, छापून पडलेल्या पिशव्या संपवायला तीन महिने मिळतील, त्यानंतर डाळ नव्या नावाने विकायची आणि डोमेन सोडून द्यायचे. पैशांची मागणी कोणी कोणाकडे केली नाही.

नवे नाव घेण्याआधी त्या मुलाने दफ्तरात तीन वेळा शोध घेतला, मगच ट्रेडमार्कचा अर्ज केला आणि डोमेन वडिलांच्या नावे घेतले. जुन्या ग्राहकांना एकेक करून फोनवर नवा पत्ता कळवला. काही परत आले, काही आले नाहीत. तो तोटा त्याला सोसावा लागला.

जाताना तो म्हणाला, "चाचा, ही एक संध्याकाळ मी आधी दिली असती तर?" त्याला आम्ही काय उत्तर देणार? ते उत्तर आमच्या वाचक बांधवांनी, आपल्या पिशव्या छापायला टाकण्याआधी, द्यावे एवढीच विनंती.